मर्यादेचे दगड

आपल्या घरांतील ‘पिंप’ हा शब्द मूळचा पोर्तुगीज आहे, हें मीं व्युत्पत्ति शिकवितांना वर्गांत अनेकदां सांगितलें असेल. पगार, चावी, बादली, घमेलें, पाव हे सारे शब्द त्याच गलबतांतून कोंकणकिनाऱ्यास उतरलेले पाहुणे. चार शतकें आपल्यांत राहून ते इतके मुरले कीं, त्यांना आतां कोणी परके म्हणत नाहीं. आणि पगार वेळेवर मिळाला नाहीं तर तो शब्द परभाषेंतला म्हणून कोणी स्वस्थहि बसत नाहीं! परंतु पिंपाचें माहेर कोणतें, आणि त्या माहेरीं त्यांत काय भरतात, हें प्रत्यक्ष पाहण्याचा योग मला साठी उलटल्यावर आला. आपल्या पिंपांत पाणी असतें. पोर्तुगालांत दोरू नदीच्या कांठीं ‘पीपा’ म्हणजे सुमारें ५५० लिटरांचें लाकडी पात्र, आणि त्यांत असतें पोर्ट नांवाचें मद्य.

मद्याचा विषय या पानांवर, आणि तोहि स्नानसंध्या न चुकविणाऱ्या एका निवृत्त शिक्षकाच्या हातून, आलेला पाहून कांहीं भगिनींच्या कपाळाला आठी पडेल. त्यांनीं थोडा धीर धरावा. त्या दिवशीं माझ्या ओठांना एक थेंबहि शिवला नाहीं. पण जें माझ्या कानांवर आलें आणि जें माझ्या तोंडून बाहेर पडलें, तें एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या प्रत्येकानें एकदां तरी मनाशीं घोळवून पाहण्यासारखें आहे, असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमचा मुलगा पांच वर्षांपासून पोर्तो शहरीं नोकरीला आहे. तीन वर्षांपूर्वीं त्याचें लग्न झालें आणि सूनबाईहि तिकडे गेली. गेल्या भाद्रपदांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों असतां, पोर्तोपासून स्पेनच्या सरहद्दीपर्यंत नदीनें जाणाऱ्या एका जहाजाचीं तिकिटें सूनबाईनें आधींच काढून ठेविलीं होतीं. घरीं पितृपंधरवडा चालू होता. श्राद्धपक्षाचें सारें वडील बंधु पाहात होते. आमच्या मंडळीनें दशम्या, लसणीची चटणी आणि मेतकुटाची बरणी बरोबर घेतली, आणि आम्ही निघालों.

दोरू ही नदी स्पेनच्या डोंगरांत उगम पावते आणि सुमारें नऊशें किलोमीटर वाहून पोर्तोपाशीं अटलांटिक महासागरास मिळते. पोर्तो म्हणजे बंदर. त्या बंदरावरून मद्याचें नांव पडलें, आणि देशाच्या नांवांतहि तेंच बंदर दडलेलें आहे. पूर्वीं ही नदी फार अवखळ होती. राबेलू नांवाच्या, सपाट तळाच्या आणि लांबलचक सुकाणूच्या होड्यांवर पिंपें रचून नावाडी तीं खडकांतून व खळाळांतून पोर्तोसमोरच्या गाया गांवच्या वखारींत पोंचवीत. आगगाडी आली, मागाहून धरणें आलीं, आणि तो धंदा संपला. आतां त्या होड्या गायाच्या धक्क्याला शोभेकरितां बांधलेल्या दिसतात.

पोर्तुगालच्या हद्दींत नदीवर जहाजांच्या वाटेंत पांच धरणें असून प्रत्येक धरणाशेजारीं जहाजें चढविण्या-उतरविण्यासाठीं एक अरुंद, उंच कोठी बांधलेली आहे. जहाज आंत शिरतें, मागचें दार लागतें, वरच्या अंगाचें पाणी आंत सोडतात, आणि सबंध जहाज हलकेच उचललें जातें. आदल्या दिवशीं कारापातेलूच्या धरणापाशीं आम्ही असे ३५ मीटर वर चढलों होतों. दोन्ही बाजूंना ओल्या, शेवाळलेल्या भिंती आणि वर आकाशाची एक चिंधी. मंडळी म्हणाली, "विहिरींतल्या घागरीला काय वाटत असेल तें आज कळलें."

ज्या दिवसाविषयीं लिहितों आहें, त्या दिवशीं सकाळीं रेग्वा हें गांव सोडून, आणखी एक धरण चढून, आम्ही पिन्यांव गांवाकडे निघालों. युनेस्कोनें २००१ सालीं जागतिक वारशांत घेतलेला मुलूख तो हाच. दोन्ही तीरांवर डोंगर, आणि डोंगरांच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. आपल्याकडे घाट बांधतात तो माणसांनीं नदींत उतरावें म्हणून. येथें तो वेलींनीं वर चढावें म्हणून बांधला आहे. माती अशी फारशी नाहींच. शाळेच्या पाटीसारखा थराथरांचा खडक फोडावयाचा, त्याच दगडांच्या चुन्यावांचून भिंती रचावयाच्या, आणि त्यांच्या आड द्राक्षवेल लावावयाची, अशी पिढ्यान् पिढ्या केलेली ही शेती. पाण्यासाठीं वेलीचीं मुळें त्या खडकाच्या भेगांतून कित्येक मीटर खोल जातात. ‘नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक’ अशी तेथील लोक आपल्या हवेची थट्टा करतात.

हिरव्या पायऱ्यांमध्यें मधूनच झुडपांनीं भरलेल्या ओसाड पायऱ्या दिसत. सूनबाईनें त्यांचें कारण सांगितलें. १८६० नंतर फिलॉक्सेरा नांवाचा, वेलीच्या मुळांवर जगणारा एक सूक्ष्म कीटक अमेरिकेहून युरोपांत आला आणि त्यानें मळेच्या मळे वाळविले. कित्येक पुन्हा उभे राहिलेच नाहींत. लोक आजहि त्यांना मृत मळे या अर्थाच्या नांवानें ओळखतात. शेवटीं उपाय सांपडला तो असा कीं, अमेरिकन वेलीच्या मुळावर युरोपची वेल कलम करावयाची, कारण त्या मुळांना तो कीटक सोसतो. रोग जेथून आला, औषधहि तेथूनच आणावें लागलें.

पिन्यांवला उतरून आम्ही एका मळ्यावर गेलों. वाटेवर ग्रॅनाइटचा एक जुना दगड उभा होता. त्यावर ‘फैतोरिया’ हा शब्द आणि साल कोरलेलें. त्याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. पुढें मार्क्विस ऑफ पोंबाल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या पोर्तुगालच्या प्रधानानें १७५६ सालीं या खोऱ्यासाठीं एक कंपनी स्थापिली, आणि कोणत्या उतारांवरील मद्य परदेशीं पाठविण्याच्या योग्यतेचें मानावें, याची सीमा आंखून दिली. पुढच्या पांच वर्षांत असे तीनशेंहून अधिक दगड पुरले गेले. तत्पूर्वीं व्यापारी हलक्या मद्याला एल्डर नांवाच्या झाडाच्या फळांनीं रंग आणीत. प्रधानानें तीं झाडेंच उपटविलीं. काम चांगलें, पण हात क्रूर होता. कंपनीच्या मक्तेदारीविरुद्ध १७५७ सालीं पोर्तोंत दंगा उसळला, तेव्हां त्यानें अनेकांना फासावर चढविलें.

त्या दगडापाशीं मला कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षाचें प्रकरण आठवलें. द्राक्षरसाच्या मद्याला तो ‘मधु’ म्हणतो, त्याची ओळख त्याच्या देशावरून होते असें सांगतो, आणि ‘कापिशायन’ व ‘हारहूरक’ हीं नांवें देतो. म्हणजे मद्याला जन्मभूमीचें नांव देण्याची कल्पना पोंबालच्या कितीतरी आधींची. त्याच प्रकरणांत, मद्य थोडें थोडें आणि ओळखीच्या, शुद्ध आचरणाच्या माणसांनाच द्यावें, असाहि निर्बंध आहे. देशाची सीमा आणि मापाची सीमा कौटिल्यानें शेजारीं शेजारीं ठेविली. कालिदासानेंहि रघूच्या सैनिकांचा श्रमपरिहार पारसीकांच्या द्राक्षमळ्यांत मधुपानानें करविला आहे. उलट मनूनें सुरापान महापातकांत घातलें. आमच्या घरीं मनूचें राज्य होतें. निदान तसें बोललें जाई.

मळ्यावर तोडणी ऐन भरांत होती. द्राक्षें आपल्या नाशिककडील खाण्याच्या द्राक्षांसारखीं नव्हेत. लहान, काळीं, जाड सालीचीं आणि बियांनीं भरलेलीं. एक मणी तोंडांत टाकला, तों ओठ चिकटावे इतका गोड. कांहीं मळ्यांवर अजून माणसें दगडी हौदांत उतरून पायांनीं द्राक्षें तुडवितात. रस आंबूं लागला म्हणजे त्यांतील साखरेचा मद्यार्क होऊं लागतो. बरीचशी साखर शिल्लक असतांनाच, चार भाग रसास सुमारें एक भाग या प्रमाणांत, द्राक्षांचाच तीव्र मद्यार्क त्यांत ओततात. आंबणें तेथेंच थांबतें, गोडी टिकते आणि जोर वाढतो. साध्या द्राक्षमद्यांत १२ ते १४ टक्के मद्यार्क, तर पोर्टमध्यें १९ ते २२. गोडीच्या आड जोर लपलेला. हीच या पेयाची खुबी आणि हाच त्याचा धोका.

नंतर एका थंडगार कोठारांत, लांब मेजापाशीं, प्रत्येकापुढें तीन पेले मांडण्यांत आले. एक फिक्या सोन्याच्या रंगाचा, एक माणकासारखा लाल, आणि एक पिंगट, वीस वर्षें लाकडांत मुरलेला. मळ्यावरील एक तरुण बाई समजावून देत होती. प्रथम रंग पाहावा, मग पेला फिरवून वास घ्यावा, मग एक घोट जिभेवर खेळवावा, आणि मग तो मेजावरच्या उंच भांड्यांत थुंकून टाकावा. दिवसभर नमुने चाखणारा परीक्षक गिळूं लागला, तर दुपारपर्यंत तो परीक्षक उरत नाहीं, असें ती म्हणाली. त्या भांड्याला आपल्याकडे पिकदाणी म्हणतात. हें सारें मीं मराठींत करून सांगितल्यावर मंडळीनें विचारलें, "एवढें थुंकायचेंच होतें, तर वीस वर्षें जपलें कशाला?" या प्रश्नाला अर्थशास्त्रांतहि उत्तर नाहीं.

मीं वास मात्र घेतला. वास घेतला म्हणजे अर्धें जेवण झालें, असें आपण म्हणतों. तें खरें धरलें तर प्रायश्चित्तहि अर्धेंच लागेल. पिंगट पेल्यांतून सुक्या अंजिराचा, अक्रोडाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास आला. आणि त्यांच्या मागून एक जुना, ओळखीचा वास. लहानपणीं आमच्या ओसरीवर रात्रीं येत असे, तोच. मीं पेला दूर सारला.

मुलाचे आणि सूनबाईचे पेले तसेच होते. दोघेंहि माझ्याकडे पाहात नव्हतीं. न पाहण्याची जी एक कला एकत्र कुटुंबांत प्रत्येकाला लहानपणींच येते, ती तेथें चालली होती. सूनबाई मात्र धीट. ती म्हणाली, "अण्णा, आम्ही चाखलें तर तुम्हांला वाईट वाटेल का? मी इकडे सणासमारंभाला कधींमधीं घेतें. तुमच्या पाठीमागें घ्यायचें आणि तुमच्यापुढें कांहीं माहीत नाहीं असें बसायचें, हें मला जड जातें."

मला उत्तर द्यावयास वेळ लागला. मंडळी दशमीच्या डब्याचें झांकण उगाच उघडझांक करीत होती. शेवटीं मीं म्हटलें, "वाईट वाटेल, तें मी लपवीत नाहीं. पण तूं विचारलेंस, याचें बरें वाटलें तें त्याहून मोठें आहे. घ्यायचें तर माझ्यासमोर घे, आणि ती पिकदाणी जवळ असूं दे." सारीं हंसलीं. सूनबाईनें दोन घोट चाखले आणि उरलेलें भांड्यांत ओतलें. मुलानें पेला उचलला, क्षणभर हातांत धरला आणि तसाच खालीं ठेविला. तें माझ्या ध्यानांत राहिलें.

जहाजावर परततांना पिन्यांवचें रेल्वे-स्टेशन पाहिलें. त्याच्या भिंतींवर १९३७ साली बसविलेलीं निळ्या-पांढऱ्या फरशांचीं २४ चित्रें आहेत. तोडणी करणाऱ्या बायका, पाठीवर टोपल्या वाहणारे पुरुष, पिंपांनीं लादलेल्या होड्या. सारी मेहनत तेथें आहे. पिणारा मात्र सहसा दिसत नाहीं. हें मला फार आवडलें.

दुपारीं जहाज व्हालैराच्या घळींत शिरलें. दोन्ही बाजूंना उभे कडे. येथें पूर्वीं एक भयंकर खळाळ होता. १७८० ते १७९२ या बारा वर्षांत सुरुंग लावून त्यांतून वाट काढली, तरी त्याची भीति गेली नाहीं. जोसेफ जेम्स फॉरेस्टर या इंग्रज व्यापाऱ्यानें या नदीचा नकाशा काढला होता आणि मद्यांतील भेसळीविरुद्ध लेखणी झिजविली होती. १८६१ च्या मे महिन्यांत त्याची होडी याच ठिकाणीं उलटली. त्याचें प्रेतहि सांपडलें नाहीं. त्याच होडींत दोना आंतोनिया फरैरा होत्या. पहिल्या पतीच्या मागें सारा व्यवहार हातीं घेऊन या बाईंनीं खोऱ्यांत मळ्यांवर मळे उभे केले होते. लोक सांगतात कीं, फॉरेस्टरला कमरेच्या पैशांच्या पट्ट्यानें तळाशीं नेलें आणि बाईंना त्यांच्या घेरदार झग्यानें तरंगत ठेविलें. तो खळाळ आतां दिसत नाहीं. १९७६ सालच्या धरणामुळें पाणी चढलें आणि वर सारें आरशासारखें झालें. पण खडक कोठें गेलेले नाहींत. ते नुसते बुडालेले आहेत.

कठड्यापाशीं आम्ही दोघेच होतों. पाण्याकडे पाहात मुलगा म्हणाला, "अण्णा, मघां मीं पेला कां ठेविला तें सांगूं? इकडे आलों तें पहिलें वर्ष फार वाईट गेलें. भाषा येत नव्हती, ओळख नव्हती. रोज रात्रीं खोलींत एकटा बसून पीत असें. तुमचा फोन यायच्या आधीं तोंड धुऊन बसायचों. एके दिवशीं कामावर हात थरथरला, तेव्हां डॉक्टरकडे गेलों. सोडायला वर्ष लागलें. हिला लग्नाआधीं सांगितलें; तुम्हांला सांगायचा धीर झाला नाहीं."

तीसाहून अधिक वर्षें मीं मुलांना उत्तरें सांगण्याचें काम केलें. त्या घटकेस माझ्यापाशीं एकहि उत्तर नव्हतें. मीं त्याच्या पाठीवर हात ठेविला, आणि मग त्याला माझ्या धाकट्या काकांची गोष्ट सांगितली.

धाकटे काका काविळीनें गेले, असें आमच्या घरीं सांगतात. मुलालाहि तेवढेंच ठाऊक होतें. मी बारा वर्षांचा असतांना ते वारले. त्यांचें वय चौतीस. अमरकोश आणि रूपावलि मला त्यांनींच ओसरीवर पाठ करविली. माझें सारें संस्कृत त्यांच्या पदरचें आहे. ते रात्रीं उशिरां येत, तेव्हां आजी त्यांचें पान झांकून ठेवी. वास आला तर मोठीं माणसें मुलांना सांगत, "काकांना वैद्यांनीं द्राक्षासव दिलें आहे." बिचाऱ्या द्राक्षासवाला आमच्या घरानें असें बदनाम केलें! त्यांच्यावर सर्वांचें प्रेम होतें. पण ‘हें सोडा’ असें म्हणायला आधीं ‘हें’ काय तें म्हणावें लागतें, आणि तो शब्द कोणी उच्चारला नाहीं. घराची अब्रू राखली गेली. माणूस राखला गेला नाहीं.

कच-देवयानीची कथाहि मीं प्रथम काकांच्याच तोंडून ऐकली. दैत्यांनीं कचाची राख मद्यांत कालवून शुक्राचार्यांना पाजली, आणि गुरूनें न कळत आपल्याच शिष्याला गिळलें. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांनीं ब्राह्मणांना मद्य वर्ज्य अशी मर्यादा घालून दिली. ही कथा मीं कित्येक वर्षें वर्गांत सांगत आलों. पण व्हालैराच्या त्या शांत पाण्यावर तिचें एक मर्म मला नव्यानें दिसलें. शुक्राचार्यांनीं घडलेली गोष्ट झांकली नाहीं. ती सर्वांसमक्ष सांगितली, म्हणून तिची मर्यादा झाली; झांकली असती तर तिचा नुसता कलंक उरला असता. मर्यादेचा दगड वाटेवर, सर्वांना दिसेल असाच उभा करावा लागतो. माजघरांत पुरून ठेवलेल्या दगडानें कोणाचीच सीमा राखली जात नाहीं.

हें वाचून, मी कोणाला मद्याची मोकळीक देतों आहें, असा समज कोणी करून घेऊं नये. मद्याचें निर्धोक असें कोणतेंहि प्रमाण नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें स्पष्ट सांगितलें आहे, आणि दोरूच्या खोऱ्यांतील वीस वर्षांचें मद्य त्याला अपवाद नाहीं. माझा नेम होता तसाच आहे. परंतु घरांतील तरुण मंडळींनीं आपल्यापुढें कसें वागावें, एवढ्याच काळजींत आपण वडील माणसें असतों; आपल्यापुढें त्यांना काय बोलतां यावें, याची काळजी कोणी करीत नाहीं. सूनबाईनें पेल्यापाशीं तो एक प्रश्न विचारला नसता, तर मुलानें कठड्यापाशीं तोंड उघडलें असतें असें मला वाटत नाहीं.

दिवाळींत सारें कुटुंब गांवीं जमलें, मुलगा-सूनहि आलीं होतीं. वडील बंधूंना मीं आधीं विचारलें. ते बराच वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, "सांग. आईच्या देखत जमलें नसतें, आतां सांग." पाडव्याच्या रात्रीं जेवणें झाल्यावर ओसरीवर मुलां-पुतण्यांना बसवून मीं धाकट्या काकांची गोष्ट सांगितली, त्यांची विद्वत्ता, त्यांचा विनोद, आणि त्यांचें मरण, सर्व कांहीं. मुलानें आपली स्वतःची गोष्ट सांगितली. हा लेख धाडण्यापूर्वीं त्याला वाचून दाखविला आहे, आणि त्याची अनुमति आहे.

मुलें एकेक करून उठून गेलीं. एक पुतण्या मात्र खांबाला टेकून तसाच बसून राहिला. दिवा बारीक करून मी त्याच्याजवळ जाऊन बसलों. पुढें आमचें काय बोलणें झालें तें येथें लिहीत नाहीं. तें त्याचें आहे. पण बोलणें झालें.